चाटलेलं चित्र

सर माझ्या मोटारसायकलवर नेहमी उलटे बसत. माझ्या पाठीला पाठ लावून, तोंड मागं करून, दोन्ही हातांनी कॅरिअर धरून. नारायणगावातून आम्ही असे निघालो की टपरीवरची माणसं कप हातात धरून बघत राहत. पहिल्यांदा मी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, हा काय प्रकार आहे? तर म्हणाले, "पुढून येनारं जनावर समद्यांनाच दिसतंय, डॉक्टर. आपन गेल्यावर ते मागनं कसं बघतंय, ते कुनी बघितलंय का?"

मी किक मारली आणि निघालो.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. नव्वदनंतरची दहा-बारा वर्षं जुन्नर तालुक्यात काढली, आणि मधली काही वर्षं आंबेगावच्या डोंगरपट्ट्याचा जादा चार्जही माझ्याच गळ्यात होता. सर नारायणगावच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. बाकीचे गणिताचे सर, इंग्रजीचे सर. हे नुसते 'सर'. लग्न केलं नव्हतं. वारूळवाडीला भावाच्या घरी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहत. रविवारी आणि शाळेच्या सुटीत माझ्याबरोबर फेरीला येत. मला डोंगरात सोबत हवी होती आणि त्यांना जनावरं हवी होती, असा तो सरळ सौदा होता.

गोठ्यात शिरताना ते चपला बाहेर काढत. नुसत्या काढून भागायचं नाही, पाणी मागवून पाय धुवायचे आणि मग अनवाणी आत जायचं. जायचं शेणामुतात, आणि त्याआधी पाय धुवायचे! बाया पदर तोंडाला लावून हसत. मी गमबूट घालणारा माणूस. यांचे पाय धुऊन होईपर्यंत माझ्या हातात भरलेली सिरिंज तशीच, त्यामुळे मला चीड यायची. एकदा बोललो तर म्हणाले, "देवळात जाताना धुता का न्हाई?" देवळात ते स्वतः कधी जात नसत, ही गोष्ट वेगळी.

शाळेत त्यांच्या नावानं एक कायमची तक्रार असे. पोरांना ते जनावरांची नावं घेऊन बोलत, आणि ती शिवी नसून कौतुक असे, हे पालकांना पटत नसे. एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात त्यांनी शेरा लिहिला: 'म्हशीसारखी समजूतदार आहे.' तिचा बाप दुसऱ्या दिवशी तावातावानं शाळेत आला. सरांनी त्याला शांतपणे विचारलं, "घरी म्हैस हाय ना तुमच्या? आता खरं सांगा, तिच्याइतकं समजूतदार घरात दुसरं कोन हाय?" तो माणूस थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि चहा पिऊन परत गेला.

आमची ओळख झाली ती एका निळ्या बैलामुळं.

आमच्या भागात बैलपोळा भादव्याच्या अमावास्येला असतो. आदल्या दिवशी खांदे मळायचे, सणाच्या दिवशी बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, बेगड लावायची, झूल घालायची. शिंगं रंगवायला सरांना फार बोलावणी येत. डिंगोऱ्याच्या एका बागायतदारानं त्यांच्यापुढं बैल आणून बांधला आणि स्वतः फेटा बांधायला घरात गेला. सरांनी शिंगं रंगवली. मग कपाळावर हात गेला. कपाळावरून मानेवर, मानेवरून वशिंडावर. मालक फेटा बांधून बाहेर आला तेव्हा त्याचा पांढराशुभ्र बैल नाकापासून शेपटीपर्यंत निळा झाला होता, आणि सर चार पावलं मागं जाऊन मान तिरकी करून बघत होते.

मला बोलावलं ते जवळजवळ पंचनामा करायला. मालक ओरडत होता, "आता मिरवनुकीत काय दावू मी? माझा बैल हाय का कृष्णाचं सोंग?" मी बोट ओलं करून घासून पाहिलं. कपड्यांना घालायची नीळ होती, दोन बादल्यांत निघून गेली. पण मी सरांना चांगलंच झापलं. अंगाला नीळ होती तरी शिंगांना ऑईलपेंट होता. "जनावर अंग चाटतं," मी म्हटलं. "त्याच्या पोटात गेलं तरी चालेल, तेच त्याच्या अंगाला लावायचं. नाहीतर काही लावायचं नाही." सरांनी खिशातून डायरी काढली आणि माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग मी जरा वरमलो आणि विचारलं, अख्खा बैल कशासाठी रंगवलात? तर म्हणाले, "मी कुठं रंगवला? त्यो निळाच हाय. डोहागत बैल हाय त्यो. भर उन्हात बी त्याच्यापाशी हुबं ऱ्हायलं की गार वाटतंय. तुमी त्याला हात लावलात न्हवं? तुमाला न्हाई कळलं?"

मला त्याच्या अंगाचं तापमान कळलं होतं. एकशे एक.

त्या दिवसापासून सरांनी विकतचे रंग सोडले. हळद, काव, शाडू, काजळी, पाल्याचा रस, चिमूटभर नीळ, आणि हे सगळं धरून ठेवायला तांदळाची पेज. बैलाच्या अंगाचं एक सोडा, कागदावरच्या चित्रालाही हेच रंग. मी म्हटलं, "अहो, कागद कोण चाटणार आहे?" ते म्हणाले, "कागद म्हंजे बी त्येचं अंगच की."

कागदावर मात्र सर पहिल्यापासून असे नव्हते; आमची ओळख झाली तेव्हाही ते हुबेहूबच काढत. तरुणपणापासून त्यांचा हात फोटोला मागं टाकणारा होता. शर्यतीच्या बैलांचे मालक त्यांच्याकडं खेटे घालत. घराच्या भिंतीवर बैल काढून घ्यायचा तर त्यांच्याकडूनच. त्या वेळची दोन-तीन चित्रं मी पाहिली आहेत. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. गोचीड कुठं बसली होती तेही दिसायचं. मला विचाराल तर मला तीच आवडत. पुढची हिरवी गाय पाहिली की मला तिचं लिव्हर तपासावंसं वाटायचं.

पण तेव्हापासून त्यांची एक सवय होती. चित्र पुरं झालं की मालकाला दाखवायच्या आधी ते त्या जनावराला दाखवायचे. गव्हाणीपुढं चित्र धरून अर्धा अर्धा तास उभे. माणसांचं मत त्यांनी कधी विचारलं नाही. "ज्याचं चित्र हाय त्याला कळाया पायजे," म्हणायचे. जनावर अर्थातच ढुंकून बघत नसे. बैल कान हलवायचे, म्हशी डोळे मिटायच्या, एका गाईनं कागदाचा कोपरा खाल्ला. सर कागद गुंडाळायचे आणि म्हणायचे, "न्हाई जमलं." लोकांना ती गंमत वाटे. मी मात्र त्यांचा चेहरा जवळून पाहिला आहे. त्यांना खरंच वाईट वाटायचं. दर वेळी, तितकंच.

आहुप्याला मी लसीकरणाला गेलो होतो, सर बरोबर होते. देवराईच्या अलीकडं एका म्हाताऱ्या बाबांचं घर. त्यांचा बैल म्हातारा होऊन गेला होता, आणि आदल्या वर्षी सरांनी त्याचं चित्र काढलेलं होतं. ते चित्र त्यांनी बाबांना द्यायला आणलं. बाबांनी चित्र दोन्ही हातांत धरून पुष्कळ वेळ पाहिलं.

"बैलच हाये," बाबा म्हणाले. "लई सुरेख हाये. शिंग तुटल्यालं बी बराबर हाये."

"मंग?" सर म्हणाले.

"मंग काय न्हाई. बैल हाये. पर आमचा न्हाई. ह्यो कुनाचा बी आसंल." आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमचा कसा, दुपारच्याला दारात बसायचा ना, तर घर भरल्यागत वाटायचं. त्ये ह्याच्यात न्हाई. त्ये कसं यील? तुमचा काय दोस न्हाई."

पुढं वर्षभर त्यांनी कुणाचा बैल काढला नाही. शर्यतवाले नाराज झाले, मग येईनासे झाले. आणि मग एके दिवशी फेरीत त्यांनी एका घरी नवेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न बापयांना नाही, बायांना. ही गाय रुसते का? रुसली तर कुणावर? पाऊस यायच्या आधी कुणाकडं बघते? बाया हातातलं काम टाकून सांगत बसायच्या, आणि मी तिकडं गाभण तपासून, हात धुऊन, ताटकळत. त्यातून ती रंगीत जनावरं आली. पिवळी शेळी, जांभळा रेडा, पाठ डोंगरासारखी झालेला बैल. आहुप्याच्या बाबांना त्यांनी दुसरं चित्र नेऊन दिलं. त्यात बैल होता की तांबडा उंबरठा होता, मला सांगता आलं नसतं. बाबांनी ते घेतलं, आत गेले आणि देवाच्या फळीवर ठेवून आले.

मध्यंतरी कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याहून चित्रांतला एक जाणकार माणूस त्यांच्या खोलीत येऊन गेला. त्यानं बरंच कौतुक केलं आणि जाताना म्हणाला, तुम्ही एक्स्प्रेशनिस्ट आहात. संध्याकाळी सर दवाखान्यात आले. "डॉक्टर, एक्स्प्रेशनिस्ट म्हंजे काय आसतंय?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, आमच्या पुस्तकात तरी नाही. "मंग लागनीचा रोग नसंल," म्हणाले आणि निघून गेले.

आता हौसाबाईची गोष्ट सांगायला हवी. खरं म्हणजे ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो.

हौसाबाई डिंगोऱ्याच्या पुढं वस्तीवर एकटी राहायची. नवरा गेलेला, लेक सासरी. चंद्री नावाची एक गाय, आणि त्या गाईच्या दुधावर घर. ती वर्षं बिबट्यांची होती. सगळीकडं ऊस झाला होता आणि बिबटे उसातच व्यायला लागले होते. एका तिन्हीसांजेला चंद्रीचं दीड महिन्याचं वासरू गोठ्यातून गेलं. मागं राहिलं ते तुटलेलं दावं, आणि थंडीचं त्याच्या अंगावर टाकायचं गोणपाट.

चंद्री उसाकडं तोंड करून हंबरत राहिली. दूध सोडेना. आमच्याकडं अशा वेळी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढं ठेवतात. गाय त्याला चाटते आणि पान्हा सोडते. पण इथं कातडंही उरलं नव्हतं. कास दगडासारखी व्हायला लागली. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन हातानं निघेल तेवढं काढत होतो, शेकायला सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सर बरोबर होते, आणि हौसाबाई एकदम त्यांच्याकडं वळली.

"सर, तुमी जनावरं काढता ना? माझं वासरू काढून द्या. म्या चंद्रीला दावते."

मला हसू आलं, ते मी दाबलं. सर हसले नाहीत. इतकी वर्षं ते आपण होऊन गव्हाणीपुढं चित्रं धरून उभे राहत होते, आणि आज कुणीतरी हात जोडून तेच मागत होतं. हे चित्र फसलं तर 'न्हाई जमलं' म्हणून गुंडाळून नेता येणार नव्हतं.

"त्येचं गोनपाट द्या," सर म्हणाले.

मग ते तिच्यापाशी दुपारभर बसले. वासराचा रंग कोणता, हे त्यांनी विचारलंच नाही. "उठताना आधी काय करायचं ते? तुमच्याकडं बघायचं का आयकडं?" हौसाबाई सांगायला लागली. "आवं, लई येडं व्हतं. आधी शेपूट वर करायचं, मंग चारी पाय चार दिशेला. आन् आयच्या पोटात मुंडकं असं मारायचं, की चंद्री बाजूला सरकायची..." सांगता सांगता ती हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर आधी पोचलो. कास गरम होती आणि एक सड मला अजिबात आवडला नाही. अजून एक दिवस असा गेला असता तर कास गेली असती, आणि कास गेली की गाय गेली आणि हौसाबाईचं घरही गेलं. माझ्या बॅगेत पान्ह्याचं इंजेक्शन होतं. आता माझी पंचाईत समजून घ्या. रोज सुया टोचून दूध काढणाऱ्यांवर मी गावोगाव तोंडसुख घेतलं होतं. सवय लागते, मग गाय सुईशिवाय दूध देत नाही, असं मी प्रत्येक डेरीत बजावून आलो होतो. ते इंजेक्शन कुणाच्या देखत बाहेर काढायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात बाहेर सरांची सायकल वाजली. हौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेली. सर पाय धुणार, हे मला ठाऊक होतं. मी कुपीची मान मोडली, औषध भरलं, टोचलं, आणि सगळं खिशात घातलं. अर्धं मिनिट लागलं असेल.

सर ओल्या पायांनी आत आले आणि गोणपाट उलगडून त्यांनी गव्हाणीवरच्या खुंटीला टांगलं. कावेचा तांबडा रंग, मध्ये हळद, एका बाजूला काजळीचे दोन फटकारे. वासरू म्हणावं असं मला त्यात काही दिसलं नाही. वर गेलेलं काहीतरी होतं, ते शेपूट असावं. खरं वासरू पांढरं होतं.

चंद्रीनं बघितलं नाही. सर भिंतीला टेकून उभे होते. मी घड्याळ बघत होतो. मग चंद्रीनं मान वळवली, नाक पुढं केलं, हुंगलं. आणि जीभ काढली. एकदा, दोनदा, मग चाटतच सुटली, खालून वर, वासराला चाटतात तशी. हौसाबाई बादली घेऊन खाली बसली, आणि रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली.

हौसाबाई रडत होती. सर तर लहान पोरासारखे रडत होते. माझा हात धरून म्हणाले, "वळाखलं, डॉक्टर! तिनं वळाखलं!"

मी म्हटलं, "हो, सर."

निघताना ते एक पाय ओढत चालत होते. मला वाटलं, उभं राहून मुंग्या आल्या असतील. सायकल तिथंच ठेवून माझ्या गाडीवर बसले, उलटेच, आणि वस्ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एकदा चोरून इंजेक्शन दिलं आणि मग बंद केलं. दूध बंद झालं नाही. चंद्री आटेपर्यंत ते गोणपाट खुंटीला होतं आणि रोज धारेच्या वेळी ती त्याला चाटायची. मी मनाशी म्हटलं, वळण पडलं. रंग पुसट होत गेला तरी सरांनी त्यावर पुन्हा हात फिरवला नाही. गाय आटल्यावर हौसाबाईनं ते परत दिलं आणि सरांनी आपल्या खोलीत भिंतीला लावलं. आल्यागेल्याला ते म्हणजे नुसतं डागाळलेलं पोतं. सर म्हणायचे, माझं पुरं झालेलं चित्र एवढं एकच.

वासरू गेलं त्याच महिन्यात उसाकडेला वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. तपासायला मी गेलो, सर मागं बसून आले. जमलेली माणसं दगड मारायच्या बेतात होती. तो आत गजांवर डोकं आपटून कपाळ फोडून घेत होता. सर लांबूनच पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याचं चित्र काढलं: काळा, आणि पोटाशी वासराचा तोच कावेचा तांबडा. मी म्हटलं, "ज्यानं वासरू खाल्लं त्याला तुम्ही वासराचा रंग दिलात?" म्हणाले, "त्येच्याच पोटात हाय ना ते? मंग दुसरीकडं कुठं दावू?" यावर गावात कुरबूर झाली. हौसाबाईच्या कानावर गेलं. ती येऊन ते चित्र बघून गेली आणि काही बोलली नाही, तेव्हा कुरबूर आपोआप थांबली.

सरांचं चित्र त्यानंतर बदललं. कडा गेल्या. कागद गेला, सगळी चित्रं गोणपाटावर. जनावर म्हणावं तर नुसता मानेचा एक वळसा, नाहीतर उठतानाचा एक हिसका. पण सगळ्यांत मोठा बदल म्हणजे जनावरांना चित्रं दाखवायचं त्यांनी सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "आता गरज न्हाई. एकदा वळाखलंय. आपला हात खरा हाय, हे कळलं."

या माणसाचं इथून पुढचं प्रत्येक चित्र एका सकाळच्या भरवशावर उभं होतं, आणि त्या सकाळच्या खाली माझी सुई होती. सांगावं तर त्यांचा हात थांबेल. न सांगावं तर मी त्यांना रोज फसवतो आहे. त्यांच्या खोलीत गेलो की मी त्या पोत्याकडं पाठ करून बसायचो. मग माझी बदली झाली, आणि खोटं नाही सांगत, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढं सात-आठ वर्षांनी वारूळवाडीहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. सर आजारी आहेत, तुमची आठवण काढतात. मी दुपारी पोचलो. खोली तीच. खाट खिडकीशी ओढलेली, खिडकीतून गोठा दिसायचा. समोरच्या भिंतीवर ते गोणपाट. सर इतके वाळले होते की चादरीखाली माणूस आहे हे सांगावं लागलं असतं. भावजय चहा ठेवून गेली.

"गमबूट कुठंयत?" सर म्हणाले.

"रिटायर झालो सर. आता चपला."

ते हसले. मी चहा तसाच ठेवला. मला ते सांगायचंच होतं. हा माणूस जायच्या आधी त्याला एक तरी माणूस खरं बोललेला असावा असं वाटत होतं, की मला माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं होतं, अजून मला नक्की सांगता येत नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. चंद्री, सिरिंज, अर्धं मिनिट, दुसऱ्या दिवशीचं चोरटं इंजेक्शन. "पान्हा त्यानं सुटला होता, सर," मी म्हटलं. "मला माफ करा."

सरांनी गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्यो रंगाचा डबा द्या इकडं."

डबा पत्र्याचा होता. त्यांनी काजळीच्या पुडीखाली चाचपून कागदाची एक घडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. आत काचेचा एक बारीकसा तुकडा होता. कुपीची मोडलेली मान.

"त्या दिवशी पायात गेली," सर म्हणाले. "म्या अनवानी. तुमी सगळं खिशात घातलं, ही तेवढी खाली पडली."

पाय ओढत चालले होते ते! मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी लपवून केलं व्हतं. तुमाला बरं वाटलं नसतं." त्यांना धाप लागली. थोडं थांबून ते म्हणाले, "पान्हा तुमच्या सुईचा, डॉक्टर. त्यो माझा म्या कधीच धरला न्हाई. पर एक सांगा. चाटायचं इंजेक्शन निघालंय का?"

मी गोणपाटाकडं पाहिलं. पाठ न करता, सरळ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हळद जवळजवळ गेली होती. कावेत खालून वर जिभेचे पट्टे उमटले होते, एकाशेजारी एक. आणि त्या पट्ट्यांत मला ते दिसलं. शेपूट वर, चारी पाय चार दिशेला, उठून आईच्या पोटात मुंडकं मारायला निघालेलं. पांढरं नव्हतं. तसं ते असायचं कारणच नव्हतं.

"शेपूट दिसलं," मी म्हटलं.

"लवकर दिसलं," सर म्हणाले, आणि डोळे मिटून हसले.

त्यानंतर महिनाभरानं ते गेले. ते गोणपाट माझ्या नावानं ठेवून गेले होते. आता ते माझ्या पुण्याच्या घरी, बैठकीच्या खोलीत आहे. येणारे लोक विचारतात, हे काय? मी सांगतो, चंद्रीचं वासरू. कुणी म्हणतं, पेजेच्या चवीसाठी चाटलं असेल हो, कुणी म्हणतं, वासराचा वास राहिला असेल पोत्याला. ही कारणं मलाही येतात. आणखी दोन मी पदरची घालू शकतो. पेज तर सरांच्या सगळ्याच चित्रांत होती, ती कुणी चाटली नाहीत, आणि तो वास त्या पोत्याला चार महिने कसा टिकेल, हे कुणी विचारत नाही. मीही वाद घालत बसत नाही.

एवढंच, की तीस वर्षं मी त्या खात्यात काढली. हजारो कुप्या फोडल्या. चाटायचं इंजेक्शन अजून निघालेलं नाही.